ईक्यूएस म्हणजे इलेक्ट्रिक एस क्लास नव्हे, आय सेव्हन मात्र खरोखर सेव्हन सिरीजच आहे

निपाणीचे आमचे दाजी तंबाखूच्या व्यापारात, कितीतरी वर्षं डिझेल मर्सिडीजच वापरतात. परवा जेवताना म्हणाले, आता इलेक्ट्रिक एस क्लास घ्यावी म्हणतोय, ती पुण्याकडं चाकणला बनते बघ, ती. मी म्हटलं दाजी, ती ईक्यूएस, एस क्लास नव्हे ती. तर म्हणाले नावात एस हाय, कंपनी तीच, किंमत पण तेवढीच, मग वेगळं काय असतंय, आणि बीएमडब्ल्यूची आय सेव्हन पण तसलीच की. एस क्लास ही मर्सिडीजची आणि सेव्हन सिरीज ही बीएमडब्ल्यूची सगळ्यात वरची सेडान, ईक्यूएस आणि आय सेव्हन ह्या त्या कंपन्यांच्या इलेक्ट्रिक गाड्या. ही गल्लत भरपूर लोकांची होते म्हणून लिहायला बसलोय. माझं बेळगावच्या उद्यमबागेत छोटं मशीन शॉप आहे, फाउंड्रीतून इंजिनाची कास्टिंग येतात आणि आम्ही मशीनिंग करून देतो, त्यामुळं जुन्या कंपन्यांच्या इलेक्ट्रिक गाड्या खपणार का नाही हा माझ्या पोटाचा प्रश्न आहे.

कागदावर बघितलं तर गल्लत होणारच. ईक्यूएस एप्रिल २०२१ ला जगापुढं आली, आय सेव्हन बरोबर वर्षानं. पुढच्या-मागच्या चाकातलं अंतर एकीचं ३२१० मिलिमीटर, दुसरीचं ३२१५. बॅटरी एकीची १०७.८ युनिट वापरता येते, दुसरीची १०१.७. भारतात आलेल्या ईक्यूएस ५८० आणि आय सेव्हन एक्सड्राइव्ह ६० ह्या दोन्हींना चारही चाकांना ताकद, दोन्ही पाचशे हॉर्सपॉवरच्या वर, फास्ट चार्जिंग पण दोन्हींचं जास्तीत जास्त २०० किलोवॅटच्या आसपास. आकडे एवढे जवळ असले तरी दोन्ही कंपन्यांनी विचार मात्र एकदम उलटा केलाय.

मर्सिडीजनं ठरवलं की इलेक्ट्रिक गाडी कोऱ्या कागदावर काढायची. एस क्लासचा सांगाडा घेतलाच नाही, ईक्यूएसला नवीन प्लॅटफॉर्म केला आणि हवा कापायला सोपं जावं म्हणून गाडी नदीतल्या गोट्यासारखी गोल घडवली. हवेच्या अवरोधाचा आकडा ०.२०, विकायला आलेल्या गाड्यांत हा फारच कमी, बीएमडब्ल्यूचा ०.२४ आहे. त्याचा फायदा रेंजमध्ये दिसतो, इथल्या ईक्यूएस ५८० ला गाड्या तपासणाऱ्या एआरएआय ह्या संस्थेचा आकडा ८५७ किलोमीटरचा मिळालाय. एवढं रस्त्यावर मिळत नाही, टेस्टची पद्धत वेगळी असते, पण निपाणीहून पुण्याला न थांबता जाऊन पोचायला काही अडचण नाही.

बीएमडब्ल्यूनं वेगळी गाडी केलीच नाही. नवीन सेव्हन सिरीज काढतानाच पेट्रोल, डिझेल आणि बॅटरी तिन्ही बसेल असा एकच सांगाडा केला, त्यात बॅटरी घातली की आय सेव्हन. जर्मनीत डिंगॉल्फिंगला तिन्ही एकाच लाइनवर बनतात. तेच तोंड, तीच बॉडी, आत तीच मागची सीट आणि छतातून खाली येणारा ३१.३ इंची पडदा. आय सेव्हन आणि पेट्रोलची सेव्हन सिरीज शेजारी उभ्या केल्या तर लांबून ओळखायला येणार नाहीत.

आता एवढ्या महागाची गाडी घेणारा माणूस काय घेतो, हे मला जर्मनीतल्या इंजिनिअरपेक्षा दाजींकडं बघून जास्त कळतं. दाजी गाडी चालवत नाहीत, ड्रायव्हर आहे, ते मागं बसतात. आणि ईक्यूएसमध्ये नेमकी तिथंच अडचण आहे, खाली बॅटरी असल्यामुळं मागची फरशी उंच झालीय आणि वरून छत गोल उतरत आलंय, म्हणजे गुडघे वर येतात आणि मांडीला खालून आधार कमी पडतो, परदेशातल्या कितीतरी परीक्षणांत हेच लिहून आलंय. आय सेव्हनमध्ये पण बॅटरी खालीच आहे, पण ती गाडी तीन सेंटिमीटर उंच आणि छत सरळ, त्यामुळं सीट वर घेता आली. दुसरं म्हणजे रुबाब. लग्नाच्या मांडवापुढं गाडी थांबली की लोकांना बॉनेटवरचा उभा तारा दिसला पाहिजे, पहिल्या ईक्यूएसवर तो नव्हताच. वर तिचं बॉनेट मालकाला उघडताच येत नाही, फक्त सर्व्हिसवाले उघडतात, काचेचं पाणी भरायला बाजूला एक छोटं झाकण दिलंय. आपल्याकडं नवी गाडी आली की चार माणसं आधी बॉनेट उघडून बघतात, त्यांनी काय करायचं?

मर्सिडीजला हे कळलं असं मला तरी वाटतं, कारण २०२२ च्या शेवटी चीनमध्ये ईक्यूएसच्या किमती दोन लाख युआनपेक्षा जास्तीनं कमी कराव्या लागल्या आणि २०२४ च्या सुधारित ईक्यूएसवर उभा तारा आणि ग्रिलसारखं तोंड परत आलं. आता त्यांची छोटी गाडी, नवीन सीएलए, तर एकाच प्लॅटफॉर्मवर बॅटरी आणि हायब्रिड दोन्हीत निघालीय, आणि ईक्यू हे नाव पुढून मागं गेलंय, इलेक्ट्रिक जी क्लासला आता जी ५८० 'विथ ईक्यू टेक्नॉलॉजी' म्हणतात. म्हणजे बीएमडब्ल्यूच्याच वाटेनं आले की. २०२४ सालात मर्सिडीजच्या इलेक्ट्रिक कार जगभरात १ लाख ८५ हजारांच्या आसपास गेल्या, आधीच्या वर्षापेक्षा २३ टक्के कमी, आणि बीएमडब्ल्यू ग्रुपच्या सव्वाचार लाखांच्या वर, त्या वाढल्या. ह्यात सगळी मॉडेलं आली, त्यांच्याच मिनी ब्रँडच्या गाड्या पण आल्या, त्यामुळं सगळं श्रेय आय सेव्हनला देणं चुकीचं होईल, पण त्यांच्या आय फोर, आय फाइव्ह, आयएक्स वन ह्या सगळ्या ओळखीच्या पेट्रोल गाड्यांच्याच जुळ्या बहिणी आहेत हे विसरून चालणार नाही.

इकडं भारतात मात्र हिशोब थोडा फिरतो. ईक्यूएस ५८० सप्टेंबर २०२२ ला चाकणची बनावट म्हणून १ कोटी ५५ लाखाला आली, एक्स-शोरूम. आय सेव्हन बाहेरून आयात होऊन येते, जानेवारी २०२३ ला १ कोटी ९५ लाख. तेव्हाचा हा चाळीस लाखाचा फरक दाजींना पण जाणवतो. जीएसटी दोन्हींना ५ टक्केच, एवढ्या मोठ्या पेट्रोल गाडीला सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के आहे. रोड टॅक्सचं सीमाभागात नीट बघावं लागतं, कर्नाटकात २०२४ पासून २५ लाखांवरच्या इलेक्ट्रिक गाडीला १० टक्के लाइफटाइम टॅक्स लागतो म्हणजे त्या सुरुवातीच्या किमतींवर ईक्यूएसला साडेपंधरा लाख आणि आय सेव्हनला साडेएकोणीस, आणि पलीकडं महाराष्ट्रात ३० लाखांवरच्या गाडीला ६ टक्के लावायचं २०२५ च्या बजेटात म्हटलेलं ते मागं घेतलं. म्हणून कोणी कोल्हापूरच्या पत्त्यावर एमएच ०९ घ्यायचा विचार करत असेल तर करू नका, गाडी खरोखर जिथं राहणार तिथलाच टॅक्स भरायचा असतो.

चार्जिंगचं फार सांगण्यासारखं नाही, घरी थ्री फेज घेऊन ११ किलोवॅटचा चार्जर बसवला की दोन्ही रात्रभरात भरतात.

माझा अंदाज विचाराल तर इथं ईक्यूएस किमतीच्या जोरावर खपेल, पण पुढं ज्या गाड्या चालणार त्या आय सेव्हनच्या पद्धतीच्या, आणि मला त्यात थोडा दिलासा पण आहे कारण एकाच बॉडीत इंजिन आणि बॅटरी दोन्ही चालू राहिली तर आमच्या कास्टिंगची ऑर्डर एकदम एका दिवसात बंद होणार नाही, आम्हाला मोटरच्या हाउसिंगकडं वळायला वेळ मिळेल. दाजींना मी एवढंच सांगितलंय, रेंजचा आकडा बघायच्या आधी शोरूममध्ये दोन्हींच्या मागच्या सीटवर अर्धा-अर्धा तास बसा, चप्पल काढून, जसं तुम्ही रोज बसता तसं.