पार्श्वभूमी : पाण्यातल्या रोपांचा सामू ५.५ ते ६.५ कुणी ठरवला?

मातीशिवाय, घरात, दिव्याखाली लेट्यूस किंवा तुळस लावायची म्हटले की खताच्या बाटल्यांआधी दोन पेन घ्यायला सांगतात. एक सामू, म्हणजे पीएच, पाणी किती आम्ल किंवा अल्क ते मोजणारे. दुसरे ईसी (पाण्याची विद्युत वाहकता) किंवा टीडीएस (विरघळलेले क्षार) दाखवणारे. सामू ५.५ ते ६.५ मध्ये ठेवा. ईसी लेट्यूसला १.२ ते १.८, टोमॅटोला २ च्या वर. हे आकडे इतके अंगवळणी पडले आहेत की ते एखाद्याच प्रयोगातून निघाले असावेत असे वाटते. प्रत्यक्षात ईसीचा आकडा हरितगृहांच्या धंद्यातून आला, आणि सामूच्या नियमामागचा मोठा भाग चक्क शेतजमिनीसाठी काढलेल्या एका आकृतीतून.

पाण्यात रोपे वाढवून पाहणे जुनेच. लंडनमध्ये १६९९ साली पुदिना पावसाच्या पाण्यात, नदीच्या पाण्यात आणि बागेची माती कालवलेल्या पाण्यात ठेवून पाहिला गेला. मातकट पाण्यातला जास्त वाढला. १८६० च्या दशकात जर्मनीत नेमकी वजने घेऊन क्षारांची कृती तयार झाली : कॅल्शियम नायट्रेट, पोटॅशियम नायट्रेट, पोटॅशियम फॉस्फेट, मॅग्नेशियम सल्फेट आणि किंचित लोह. आजच्या बाटल्यांतही मुख्य माल हाच असतो. सामू ही मोजपट्टी मात्र तेव्हा अस्तित्वात नव्हती. ती १९०९ मध्ये कोपनहेगनला, एका बिअर कारखान्याच्या प्रयोगशाळेत मांडली गेली. त्याआधीची चाळीसेक वर्षे पाण्यातली रोपे सामूच्या आकड्याविना वाढली.

खरी घडामोड १९३० च्या दशकात कॅलिफोर्नियात झाली. तिथल्या विद्यापीठातल्या एका संशोधकाने टाक्यांत पंचवीस फुटी टोमॅटो वाढवून दाखवले, वर्तमानपत्रांनी ते उचलून धरले आणि शेतीला आता जमिनीची गरज उरली नाही अशी हवा झाली. त्याने आपली कृती सहजी दिली नाही. विद्यापीठाने त्याच्याच दोन सहकाऱ्यांना पडताळणीला लावले, आणि १९३८ मध्ये एक पुस्तिका निघाली. तिचा सूर थंड होता : चांगल्या जमिनीत जेवढे पीक येते तेवढेच पाण्यात येते, चमत्कार काही नाही. गंमत अशी की उत्साहावर पाणी ओतायला काढलेल्या या पुस्तिकेतली कृतीच पुढे जगभर प्रमाण ठरली. लिटरमागे नायट्रोजन २१० मिलिग्रॅम, फॉस्फरस ३१, पोटॅशियम २३५, कॅल्शियम २००, मॅग्नेशियम ४८. घरगुती बाटल्यांवरची बहुतेक प्रमाणे या आकड्यांना थोडे पातळ करून बनलेली दिसतात.

या कृतीचे दोन प्रकार होते, आणि दुसऱ्याकडे आज फारसे कुणी पाहत नाही. पहिल्यात सगळा नायट्रोजन नायट्रेटचा, दुसऱ्यात थोडा अमोनियमचाही. रोप नायट्रेट उचलते तेव्हा मुळांतून बायकार्बोनेट बाहेर पडते आणि सामू चढतो. अमोनियम उचलते तेव्हा आम्ल सुटते आणि सामू उतरतो. दोन्हींचा मेळ घातला की सामू बऱ्याच अंशी आपोआप सांभाळला जातो. म्हणजे बादलीतला सामू रोज थोडा वर सरकत असेल तर ती बिघाडाची खूण असेलच असे नाही, रोप जेवते आहे इतकाही तिचा अर्थ असू शकतो. नंतर बाटलीबंद खते जवळजवळ सगळी नायट्रेटची झाली, आणि सोबत 'पीएच डाऊन'ची वेगळी बाटली विकली जाऊ लागली.

त्याच सुमारास, १९३४ मध्ये, त्याच राज्यात सामू मोजणारे पहिले सुटसुटीत विजेचे यंत्र तयार झाले. निमित्त होते लिंबाच्या रसाची आंबटाई मोजण्याचे. आपल्याकडे आजही पुष्कळ जण सामू उतरवायला लिंबूच पिळतात. त्याने सामू उतरतो, पण पाण्यातले जिवाणू सायट्रिक आम्ल खाऊन टाकतात आणि एक-दोन दिवसांत काटा पुन्हा वर जातो. फॉस्फोरिक किंवा नायट्रिक आम्लाचे तसे होत नाही.

आता ती आकृती. आडव्या अक्षावर सामू, आणि प्रत्येक अन्नद्रव्याचा एकेक पट्टा. जिथे पट्टा जाड तिथे ते द्रव्य रोपाला मुबलक, जिथे निमुळता तिथे दुर्मीळ. खत विकणाऱ्या दुकानाच्या भिंतीवर, बाटलीसोबतच्या पत्रकात, व्हॉट्सअॅपवर सगळीकडे ही आकृती फिरते. तिचा पहिला अवतार १९३५ मध्ये अमेरिकेतल्या व्हर्जिनियात, शिकवताना वापरायची सोपी आकृती म्हणून निघाला. १९४६ मध्ये विस्कॉन्सिनमध्ये ती सुधारून काढली गेली, आणि आज दिसते ती बहुतेक याच सुधारित आवृत्तीची नक्कल असते. पट्ट्यांच्या जाडीवर कुठलेही एकक नाही. मिलिग्रॅम नाहीत, टक्के नाहीत. खनिज जमिनीत सर्वसाधारणपणे काय घडते याचे ते चित्र आहे, आणि त्या कामासाठी चांगले आहे.

अडचण ती बादलीला लावली तेव्हा सुरू होते. नायट्रोजनचा पट्टा आम्ल बाजूला का निमुळता होतो? कारण आम्लधर्मी जमिनीत सेंद्रिय पदार्थातून नायट्रोजन मोकळा करणारे जिवाणू मंदावतात. बादलीत तर नायट्रेट आधीच विरघळवून टाकलेले असते. पोटॅशियमचा पट्टा निमुळता होतो, कारण अशा जमिनी बहुधा जास्त पावसाने धुऊन निघालेल्या असतात. बादलीत पाऊस पडत नाही. फॉस्फरस आम्ल बाजूला अडकतो तो मातीतल्या लोह आणि अॅल्युमिनियममुळे. त्यातले अॅल्युमिनियम बादलीत नसतेच, आणि लोह असते तेही किंचित. आकृतीतले निम्मे पट्टे पाण्यापुरते निरर्थक ठरतात. उरतात त्या दोन-तीन गोष्टी मात्र खऱ्या आहेत. सामू ७ च्या पुढे गेला की कॅल्शियम आणि फॉस्फेट एकमेकांना धरून खाली बसू लागतात, आणि लोह, काही प्रमाणात मँगेनीजही, विरघळलेले राहत नाही.

पाण्यातली कसोटी वेगळी घेतलीही गेली होती. १९४२ मध्ये कॅलिफोर्नियातच टोमॅटो, लेट्यूस आणि हरळी अशी तीन रोपे सामू ३ पासून ९ पर्यंतच्या द्रावणांत वाढवून पाहिली गेली. ३ ला मुळेच खराब झाली, ९ लाही नीट जमले नाही, पण मधल्या बऱ्याच रुंद पट्ट्यात, सुमारे ४ ते ८, अन्नद्रव्ये मिळत राहिली तर रोपे वाढतात असे दिसले. आम्ल बाजूला कॅल्शियम वाढवले की रोपे जास्त तग धरत. हा निष्कर्ष पहिल्या आकृतीनंतरचा, पण १९४६ च्या सुधारित आवृत्तीच्या चार वर्षे आधीचा. पण त्याचे रंगीत चित्र झाले नाही. भिंतीवर आकृती राहिली.

पुढचे वळण १९६१ चे. मिशिगनमध्ये सेंद्रिय जमिनींसाठी हाच अभ्यास झाला आणि तिथे सर्वांत सोयीचा सामू खनिज जमिनीपेक्षा सुमारे एक अंकाने खाली, ५.५ ते ५.८ च्या आसपास आला. कुंड्यांसाठी पीट वापरणाऱ्या रोपवाटिकांनी तो उचलला, कारण पीट म्हणजे दलदलीतला अर्धवट कुजलेला सेंद्रिय पदार्थच. पीटवरून तो दगडी लोकरीवर (रॉकवूल, दगड वितळवून काढलेले धागे) गेला, तिथून कोकोपीटवर, तिथून नुसत्या पाण्यावर. प्रत्येक टप्प्यावर माध्यम बदलले, आकडा तोच राहिला. ५.५ ते ६.५ चूक आहे असे यातून निघत नाही. पाण्यासाठी तो सुरक्षित पट्टा आहेच. मात्र पेनवर ६.७ दिसले म्हणून घाबरून आम्ल ओतायचे, दुसऱ्या दिवशी ५.२ दिसले म्हणून पोटॅशियम हायड्रॉक्साइड ओतायचे, ही जी कसरत नवशिक्यांना शिकवली जाते तिला या इतिहासात आधार सापडत नाही. या ओढाताणीचा रोपाला होणारा त्रास ६.७ च्या त्रासाहून जास्त असतो.

लोहाचा प्रश्न १९५० च्या दशकात बराच सुटला. तोवर लोह टार्टरेटच्या रूपात आठवड्याला एक-दोनदा नव्याने घालावे लागे, कारण ते टिकत नसे. १९५१ च्या सुमारास ईडीटीए या रसायनात बांधलेले लोह आले, म्हणजे चिलेटेड लोह, आणि सामूच्या नियमाचा अर्थच बदलला. ईडीटीए लोहाला साधारण ६.५ पर्यंत नीट धरते, त्याच जातीचे डीटीपीए ७ च्या थोडे पुढेपर्यंत, आणि ईडीडीएचए बरेच पुढे, चुनखडीच्या जमिनीतही. तेव्हा 'सामू ६.५ च्या आत ठेवा' हे वाक्य पुष्कळदा रोपाबद्दल नसून बाटलीतल्या स्वस्त चिलेटबद्दल असते.

मधल्या काळात दुसरे महायुद्ध झाले, बेटांवरच्या लष्करी तळांना खडीच्या वाफ्यांतून भाजी पुरवली गेली. भारतातली सुरुवातही याच सुमाराची : १९४६-४७ मध्ये दार्जिलिंग जिल्ह्यात कालिंपाँगला महाग पंप-टाक्या टाळून वाळू-खडीच्या वाफ्यांची साधी पद्धत बसवली गेली. तिचे नाव जगभरच्या पुस्तकांत आहे, आपल्याकडे फारसे कुणाला ठाऊक नाही.

१९७० च्या दशकात इंग्लंडमध्ये उथळ पन्हळीतून पाण्याचा पातळ थर फिरवत ठेवण्याची पद्धत रुळली, तर डेन्मार्क आणि नेदरलँड्समध्ये दगडी लोकर. फिरत्या पाण्यात रोपामागे द्रावण थोडेच, त्यामुळे सामू काही तासांत हलतो, म्हणून आम्ल सोडणारे स्वयंचलित पंप आले. ए आणि बी अशा दोन टाक्याही याच व्यवस्थेतल्या. घट्ट द्रावणात कॅल्शियम नायट्रेट आणि सल्फेट-फॉस्फेट एकत्र आले की गाळ बसतो. ठिबकवाल्या शेतकऱ्याला हे वेगळे सांगावे लागत नाही. कॅल्शियम नायट्रेट इतर विद्राव्य खतांबरोबर सोडले की ड्रिपर बुजतात.

हे सगळे खोलीत आले ते १९८० च्या दशकात, उत्तर अमेरिकेत, आणि त्यामागचे मुख्य पीक लेट्यूस नव्हते. गांजा होता. १९८९ मध्ये अमेरिकेच्या सरकारने हायड्रोपोनिक्सच्या, म्हणजे मातीविना शेतीच्या, दुकानांवर देशभर छापे घातले. घरगुती सल्ल्यांतला बराच भाग, आठवडेवार तक्ते, काढणीआधी मुळांना खताविना नुसते पाणी देणे, पीपीएमचे (दशलक्ष भागांत किती भाग क्षार) चढते आकडे, त्या पिकासाठी लिहिलेला आहे. कुंडीतल्या पालकाला तो जसाच्या तसा लावण्याचे कारण नाही.

पीपीएमचा घोळही तिथलाच. पेन क्षार मोजतच नाही. ते विद्युत वाहकता मोजते आणि तिला एका आकड्याने गुणून पीपीएम दाखवते. काही पेनांत गुणक ५००, काहींत ७००. ईसी २ असेल तर एक पेन १००० म्हणते, दुसरे १४००. आरओवाला घरी घेऊन येतो ते टीडीएस पेन बहुधा ५०० चे, आणि परदेशी तक्ता ७०० चा निघाला तर त्या तक्त्यातले १४०० गाठायला आपण ईसी २.८ वर जाऊन बसतो. पानांच्या कडा करपतात आणि दोष उन्हाला दिला जातो. तक्त्यात ईसी दिलेली असेल तर तीच धरावी.

महाराष्ट्रात या साऱ्यापेक्षा एक वेगळाच आकडा महत्त्वाचा आहे, आणि तो कुठल्याही पेनवर दिसत नाही : पाण्यातले बायकार्बोनेट. धरणाचे नळाचे पाणी आणि काळ्या पाषाणातल्या बोअरचे पाणी, दोन्हींचा सामू ७.६ असू शकतो. पहिल्यात लिटरमागे ६० मिलिग्रॅम बायकार्बोनेट असेल, दुसऱ्यात ३६०. दोन्ही ५.८ वर आणायचे तर दुसऱ्याला सहापट आम्ल लागते, आणि तेवढे आम्ल घातल्यावर फॉस्फरस किंवा नायट्रोजनचे प्रमाणही बदलते. नाशिक-सांगलीकडचे द्राक्ष बागायतदार पाणी परीक्षणाच्या कागदावर हा आकडा आधी पाहतात. चुनखडीच्या रानात उसावर केवडा पडतो, कोवळी पाने शिरा सोडून पिवळी होतात, तेही बऱ्याच वेळा लोह नाही म्हणून नव्हे. जमिनीत असलेले लोह उचलता येत नाही म्हणून. शहरातल्या बाल्कनीत बोअरच्या पाण्यावर वाढणाऱ्या पुदिन्याला तेच होते, आणि त्याला लोहाची आणखी एक बाटली दिली जाते.

बाजारात सहज मिळणारे चिलेटेड लोह बहुधा ईडीटीए, १२ टक्क्यांचे. नळाच्या मऊ पाण्यात ते पुरते. बोअरचे पाणी असेल तर तीन वाटा उरतात : आम्लाने बायकार्बोनेट आधी कमी करणे, त्यात पावसाचे किंवा आरओचे पाणी मिसळणे, नाहीतर ईडीडीएचए घेणे. हे शेवटचे महाग पडते आणि पाणी लालभडक करते, पण सामू ७.५ असतानाही पाने हिरवी ठेवते.