इंग्रजी व्याकरण : मराठी विद्यार्थ्यासाठी परिचय

इंग्रजीत शब्द कसे घडतात आणि त्यांची वाक्यात जुळणी कशी होते, याचे शास्त्र म्हणजे इंग्रजी व्याकरण. ठाण्या-नवी मुंबईच्या महाविद्यालयांत मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना हा विषय परका वाटतो. पण त्याचा सांगाडा ती मुले शाळेत मराठीच्या तासालाच शिकलेली असतात. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ मध्ये मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले, ते इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर. नामापासून केवलप्रयोगी अव्ययापर्यंतच्या आठ शब्दजाती त्याच वाटेने आपल्याकडे आल्या. इंग्रजीनेही तो साचा लॅटिनकडून घेतला होता. विल्यम बुलोकरचे इंग्रजीतले पहिले इंग्रजी व्याकरण १५८६ चे.

मुख्य फरक शब्दक्रमाचा आहे. ‘बिबट्याने कुत्र्याला पकडले’ हे वाक्य ‘कुत्र्याला बिबट्याने पकडले’ असे फिरवले, तरी येऊरच्या पाड्यावर कोणाचा गैरसमज होणार नाही. कोणी कोणाला पकडले ते ‘ने’ आणि ‘ला’ सांगतात. जुन्या इंग्रजीतही असे विभक्तिप्रत्यय होते, पुढे ते बहुतेक झिजून गेले आणि त्यांचे काम जागेवर आले. ‘द लेपर्ड कॉट द डॉग’ यात दोन नामांची अदलाबदल केली की कुत्राच बिबट्याला पकडतो. म्हणून कर्ता, मग क्रियापद, मग कर्म हा क्रम इंग्रजीत सहसा मोडता येत नाही.

लोकलमध्ये रोज कानावर पडते : ‘पुढील स्टेशन ठाणे, अगला स्टेशन ठाणे, नेक्स्ट स्टेशन ठाणे.’ मराठीत हे क्रियापदाशिवायही पूर्ण वाक्य आहे. इंग्रजीत ती फक्त सूचना झाली. उत्तरपत्रिकेत ‘द नेक्स्ट स्टेशन इज ठाणे’ असेच लिहावे लागते. ‘इज’ लवकर अंगवळणी पडतो, ‘द’ मात्र वर्षानुवर्षे निसटतो, कारण मराठीत उपपदच नाही. ऐकणाऱ्याला वस्तू आधीच ठाऊक असेल तर ‘द’, नव्याने सांगायची असेल तर ‘अ’ किंवा ‘ॲन’. ‘अ’ की ‘ॲन’ हे अक्षरावर नाही, उच्चारावर ठरते : अ युनिव्हर्सिटी, पण ॲन एमएससी स्टुडंट.

काळांच्या बाबतीत बारा काळांचा तक्ता पाठ करण्यापेक्षा एक गोष्ट आधी समजून घ्यावी. इंग्रजी क्रियापदाला रूपे दोनच काळांची आहेत, वर्तमान आणि भूत. आपण ‘जाईन’ म्हणतो तसे भविष्यकाळाचे वेगळे रूप त्यात नाही, तिथे ‘विल’ची मदत लागते. सर्वांत जास्त घोटाळा पूर्ण वर्तमानकाळात होतो. ‘मी हा सिनेमा गेल्या वर्षी पाहिला आहे’ हे शुद्ध मराठी. त्यावरून केलेले ‘आय हॅव सीन धिस फिल्म लास्ट इयर’ मात्र चूक, कारण संपलेली वेळ सांगितली की ‘हॅव’ चालत नाही. बोरीबंदरहून पहिली आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी ठाण्याला आली, हे सांगतानाही ‘केम’ लागतो, ‘हॅज कम’ नव्हे.

अशा चुकांना अडाणीपणा म्हणणे अन्यायाचे आहे. विद्यार्थी नियमानेच लिहीत असतो, फक्त तो नियम मराठीचा असतो. ‘मी आंबा खाल्ला, मी पोळी खाल्ली’ यात क्रियापद कर्माप्रमाणे बदलते. इंग्रजीत ‘एट’ दोन्हीकडे तोच राहतो. ‘तो म्हणाला, मी येतो’ हे वाक्य शब्दशः नेले तर ‘ही सेड दॅट आय ॲम कमिंग’ होते आणि येणारा माणूसच बदलतो : ‘तो’ येणार असतो, वाचणाऱ्याला वाटते लिहिणारा येणार. तिथे ‘ही सेड दॅट ही वॉज कमिंग’ हवे. शिक्षकाने लाल रेघ मारण्याआधी मूळ मराठी वाक्य शेजारी लिहून घेतले, तर सर्वनाम आणि काळ कुठे बदलायचे ते विद्यार्थ्याला स्वतःच दिसते.