पिवळे शैवाक, सालीवरील

कवक आणि हरितशैवल यांच्या सहजीवनातून बनलेले व झाडाच्या सालीवर गर्द पिवळ्या, भुकटीसारख्या थराच्या रूपात वाढणारे शैवाक. शास्त्रीय नाव क्रिसोथ्रिक्स कँडेलॅरिस, कुल क्रिसोट्रिकेसी. पश्चिम घाटात ते आढळते; बेळगाव सीमाभागात खानापूर तालुक्यातील जांबोटी, कणकुंबी व भीमगड अभयारण्याच्या परिसरातील दमट वने त्याला अनुकूल आहेत.

लिनीअस यांनी १७५३ मध्ये ही जाती बिसस वंशात घातली. फलकाय (बीजाणू निर्माण करणारे अवयव) क्वचितच येत असल्याने तिचे स्थान ठरविणे कठीण होते व ती दीर्घकाळ लेप्रारिया या संग्राहक वंशात (स्थान अनिश्चित असलेल्या भुकटीसारख्या शैवाकांच्या वंशात) राहिली. लॉन्डन यांनी १९८१ मध्ये तिला सध्याच्या वंशात आणले. उष्ण प्रदेशातील नमुन्यांविषयी मात्र एकमत नाही. कॅलिसिन आणि पिनॅस्ट्रिक अम्ल या पिवळ्या रंगद्रव्यांच्या प्रमाणातील फरक हे एकाच जातीचे रासायनिक भेद होत, असे पूर्वी मानले जाई. काल्ब यांच्या २००१ मधील मांडणीनंतर पिनॅस्ट्रिक अम्लयुक्त नमुने बहुधा क्रिसोथ्रिक्स झँथिना या जातीत घालतात. दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. त्यामुळे घाटातील नमुन्याचे नाव तनुस्तर वर्णलेखनाशिवाय (घटक रसायने वेगळी करून ओळखण्याच्या प्रयोगशाळेतील पद्धतीशिवाय) निश्चित करू नये.

जागेवरच ओळख पटविण्यासाठी दाहक पालाशाचा (पोटॅशियम हायड्रॉक्साइड या अल्काचा) थेंब उपयोगी पडतो. कॅलोप्लाका, लेट्रोइटिया व झुडपासारखे टेलोस्किस्टिस फ्लॅविकॅन्स या शैवाकांचे नारिंगी-पिवळे भाग अँथ्राक्विनोन या रंगद्रव्यांमुळे तत्काळ जांभळे होतात. क्रिसोथ्रिक्स तसे होत नाही. कँडेलारिया कॉन्कलर हे पिवळे शैवाकही जांभळे होत नाही, परंतु त्याला बारीक पालींची पर्णसम (पानासारखी चपटी) काया असते. देवराईतील वृक्षांना वाहिलेली हळदही अल्काने तांबडी होते, तेव्हा पूजेच्या खोडावरील चाचणी जपून वाचावी. पावसाळ्यात खोडांवर दिसणारा केशरी मखमली थर बहुधा ट्रेंटेपोहलिया या शैवलाचा असतो, शैवाकाचा नव्हे.

या शैवाकाची भुकटी सहज भिजत नाही व ते हवेतील आर्द्रतेवर निर्वाह करते. म्हणून मुसळधार पावसाच्या प्रदेशातही ते ओघळ न येणाऱ्या, सावलीतील, खोडाच्या आडोशाच्या बाजूस व सालीच्या खाचांत पाहावे. गोकाक, अथणी या पूर्वेकडील कोरड्या तालुक्यांत अशी जागा विरळ असते. मैदानी भागात आंब्याच्या सालीवर सर्रास दिसणारे पिक्सिन कोकोस हे शैवाक करडे असून केवळ अतिनील प्रकाशात पिवळे चमकते.