उतारवयातल्या आठवणी आणि छंदांचं विज्ञान

निवृत्त माणूस जुन्या गोष्टी सांगू लागला की घरातले एकमेकांकडे बघून गालातल्या गालात हसतात. ‘झालं यांचं सुरू!’ विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अनेक डॉक्टरांचंही मत फारसं वेगळं नव्हतं. भूतकाळात रमणं म्हणजे मेंदू थकल्याची खूण, असंच धरलं जाई. १९६३ साली अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी या समजाला छेद दिला. उतारवयात माणूस मागे वळून पाहतो, राहून गेलेल्याचा हिशेब लावतो, जुनी भांडणं मनातल्या मनात मिटवतो आणि हे स्वाभाविकच आहे, अशी मांडणी त्यांनी केली. त्याला त्यांनी ‘जीवनाचा आढावा’ म्हटलं. बटलर भाबडे मात्र नव्हते. हा आढावा कुणाला समाधान देतो, तर कुणाला अपराधीपणात आणि नैराश्यात ढकलतो, हेही त्यांनी त्याच निबंधात नोंदवलं.

पण आठवतं ते नेमकं कुठल्या काळातलं? हे तपासायची एक साधी पद्धत आहे. समोरच्याला एकेक शब्द द्यायचा, त्यावरून सुचलेली आठवण सांगायला लावायची आणि ती कितव्या वर्षीची ते विचारायचं. इंग्लिश संशोधक फ्रान्सिस गॉल्टन यांनी शब्दांवरून आठवणी जागवण्याचा हा खेळ स्वतःवरच करून १८७९ मध्ये त्याबद्दल लिहिलं होतं. पुढे असे पुष्कळ प्रयोग झाले आणि १९८६ मध्ये मानसशास्त्रज्ञ डेव्हिड रुबिन व सहकाऱ्यांनी त्यांची आकडेवारी एकत्र मांडली, तेव्हा कुठल्या वयातल्या किती आठवणी येतात याच्या आलेखात एक उंचवटा उठून दिसला. पन्नाशी-साठी ओलांडलेल्यांना अलीकडचं तर आठवतंच, पण साधारण १० ते ३० या वयातल्या आठवणीही अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त येतात. म्हणजे आजोबा कॉलेजच्या दिवसांवर अडकलेत असं वाटतं, तेव्हा ते एकटेच अडकलेले नसतात.

याचं कारण काय, यावर मतं अनेक आहेत. त्या वयात मेंदू भरात असतो, असं काही जण म्हणतात. मला जास्त पटतं ते दुसरं स्पष्टीकरण: पहिली नोकरी, पहिलं प्रेम, पहिलं स्वतंत्र बिऱ्हाड असं सगळं ‘पहिलं’ त्या वर्षांत दाटीवाटीने येतं. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास याला बळ देतो. त्यात मोठेपणी देश सोडून दुसरीकडे स्थायिक झालेल्या वृद्धांच्या आठवणी तपासल्या होत्या. ज्यांनी उशिरा देश सोडला, त्यांचा उंचवटाही स्थलांतराच्या वयाकडे सरकलेला दिसला. वय हे एकच कारण असतं तर तो असा सरकला नसता.

छंदाचं स्मृतीशी नातं इथेच जुळतं, पण दोन वेगळ्या वाटांनी.

पहिली वाट जुन्या छंदाची. तीस वर्षांनी विणायच्या सुया हातात घेतल्या तर पहिले दोन-चार टाके अडखळतात, मग बोटं आपसूक दोरा गुंडाळू लागतात. सुलट कुठे संपला आणि उलट कुठे सुरू करायचा, हे विचारलं तर सांगता येत नाही, हात मात्र चुकत नाही. कौशल्याची स्मृती प्रसंगांच्या स्मृतीपेक्षा वेगळ्या यंत्रणेवर चालते. शस्त्रक्रियेनंतर नव्या आठवणी साठवणंच बंद झालेल्या एका रुग्णाला मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिलनर यांनी आरशात बघून चांदणीची आकृती गिरवायला दिली होती. दर दिवशी त्याचा हात सुधारत गेला. आपण हे आधी कधी केलंय, याचा मात्र त्याला पत्ताच नसे.

दुसरी वाट नव्या छंदाची, आणि ती जरा घाम काढणारी आहे. मानसशास्त्रज्ञ डेनिस पार्क यांच्या गटाने २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ६० ते ९० वयाचे २२१ जण होते. काहींना डिजिटल फोटोग्राफी, काहींना कापडाचे तुकडे जोडून गोधडी शिवणं, तर काहींना दोन्ही शिकवलं. आठवड्याला सुमारे पंधरा तास, सलग तीन महिने. दुसऱ्या एका गटाने तेवढाच वेळ गप्पाटप्पा, सहली अशा मजेत घालवला. शिकणाऱ्यांची प्रसंग लक्षात ठेवण्याची क्षमता सुधारली, नुसती मजा करणाऱ्यांची तशी सुधारली नाही. गप्पा वाईट नाहीत हो, पण मेंदूला त्यात चढण लागत नाही.

छंदाने स्मृतिभ्रंश टळतो, असं मात्र कुणी छातीठोकपणे सांगू लागलं तर जरा थांबावं. २००३ मध्ये पंचाहत्तरीपुढच्या ४६९ जणांच्या पाहणीत वाचणाऱ्या, पटावरचे खेळ खेळणाऱ्या, वाद्य वाजवणाऱ्या आणि नाचणाऱ्या लोकांना स्मृतिभ्रंश कमी झाल्याचं दिसलं होतं. पुढे २०२० मध्ये आठ हजारांहून अधिक ब्रिटिश कर्मचाऱ्यांवरचा अभ्यास आला. वयाच्या छप्पन्नाव्या वर्षाच्या आसपास कोण किती छंद जोपासत होतं, याचा पुढच्या अठरा वर्षांतल्या स्मृतिभ्रंशाशी त्यात संबंध सापडला नाही. संबंध सापडला तो वेगळाच: ज्यांचे छंद मधल्या काळात कमी होत गेले, त्यांच्यात हा आजार जास्त आढळला. म्हणजे छंद सुटल्याने आजार आला असं म्हणण्यापेक्षा, आजार आतून सुरू झाल्यामुळे छंद सुटत गेला असावा, ही शक्यता बळावते. तेव्हा वर्षानुवर्षं जिवापाड जपलेला छंद कुणी कारण न देता बाजूला ठेवला, तर ‘वयामुळे होतं’ म्हणून सोडून न देता एकदा डॉक्टरांना दाखवलेलं बरं.