श्वास हलका करणारा वायू

धाप लागलेला माणूस दिसला की आपल्या तोंडी पहिला शब्द येतो तो ऑक्सिजन. करोनाच्या साथीने तर घरोघरी ऑक्सिमीटर आणला आणि बोटावरच्या आकड्याकडे बघत बसायची सवय लावली. पण काही रुग्ण असे असतात, की त्यांचा आकडा ९५ दाखवतो आणि तरीही एकेक श्वास ते जिवाच्या आकांताने ओढत असतात. त्यांची फुप्फुसं धड असतात. फुप्फुसांपर्यंत जाणारी वाट अरुंद झालेली असते. अशा वेळी काही रुग्णालयांत एक वेगळं सिलिंडर आणलं जातं. त्यात ऑक्सिजनच्या जोडीला फुग्यात भरतात तोच वायू असतो, हेलियम. या मिश्रणाला म्हणतात हेलिऑक्स.

क्रूप झालेलं दीड-दोन वर्षांचं मूल डोळ्यांसमोर आणा. साध्या सर्दीसारख्या विषाणूने सुरुवात होते आणि स्वरयंत्राच्या खालच्या भागाला आतून सूज येते. कुत्रा भुंकावा तसा खोकला येतो, आवाज बसतो आणि श्वास आत घेताना घशातून कर्कश ओढ ऐकू येते. पोट उडतं, बरगड्यांमधली कातडी आत खेचली जाते. बाळाची श्वासाची वाट तिथे जेमतेम ४ मिलिमीटर रुंद धरली, तर चहूबाजूंनी १ मिलिमीटर सूज आली की उरते २ मिलिमीटर. वाट निम्मी झाली, पण हवेला होणारा विरोध दुप्पट होत नाही. हवा अगदी शांतपणे वाहिली तरी तो १६ पट होतो. मोठ्या माणसाची वाट ८ मिलिमीटर धरली, तरी तेवढ्याच सुजेने ती ६ मिलिमीटर होते आणि विरोध वाढतो तो तिपटीच्या आसपास. एकच आजार लहान मुलांना इतका का छळतो, याचं उत्तर या हिशेबात आहे.

आणि हवा शांतपणे वाहतच नाही, खरी अडचण तिथे आहे. नळ थोडासा सोडला तर धार काचेसारखी नितळ पडते. जास्त सोडला की तीच धार खवळते. १८८३ साली मँचेस्टरमध्ये ऑसबर्न रेनॉल्ड्स यांनी काचेच्या नळीतल्या पाण्यात रंगाची बारीक रेघ सोडून हा बदल डोळ्यांना दिसेल असा दाखवला. प्रवाह संथ राहणार की खवळणार, हे नळीची रुंदी, वेग, द्रवाची किंवा वायूची घनता आणि त्याचा चिकटपणा यांवर ठरतं. सुजलेल्या जागेतून हवा वेगाने घुसते आणि तिच्यात भोवरे उठतात. बाळाच्या घशातून येणारा तो कर्कश आवाज म्हणजे या खवळलेल्या हवेचाच आवाज. असा प्रवाह दुप्पट करायचा असेल तर जोर चौपट लावावा लागतो, आणि त्या जोराचा हिशेब वायूच्या घनतेशी बांधलेला असतो. वायू जितका जड, तितकं छातीच्या स्नायूंचं काम जास्त.

सुजलेली वाट लगेच रुंद करता येत नसेल, तर तिच्यातून जाणारी हवाच हलकी केली तर? मला ही कल्पना फार सुंदर वाटते. एक लिटर हवेचं वजन शून्य अंश तापमानाला साधारण १.२९ ग्रॅम भरतं, एक लिटर हेलियमचं जेमतेम ०.१८ ग्रॅम. आपण श्वासात घेतो त्या हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन असतो आणि शरीर तो जसाच्या तसा परत सोडतं. त्याच्या जागी हेलियम घातला, म्हणजे ८० टक्के हेलियम आणि २० टक्के ऑक्सिजन असं मिश्रण केलं, तर एक लिटरचं वजन भरतं ०.४३ ग्रॅम, हवेच्या एक तृतीयांश. ऑक्सिजन जवळजवळ तेवढाच, ओझं मात्र तिसरा हिस्सा. हेलियमचा चिकटपणा हवेपेक्षा किंचित जास्तच आहे, म्हणजे फायदा होतो तो सगळा हलकेपणाचा. शिवाय हेलियम शरीरात कशाशीही संयोग पावत नाही. आला तसा जातो.

हे पहिल्यांदा रुग्णांसाठी वापरलं न्यूयॉर्कचे डॉक्टर अल्व्हन बॅरक यांनी, १९३४ साली. पुढच्याच वर्षी दमा आणि स्वरयंत्र-श्वासनलिकेतले अडथळे यांवरचा त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. तो काळ लक्षात घ्यायला हवा. कॉर्टिझोन रुग्णाला पहिल्यांदा टोचलं गेलं ते १९४८ मध्ये. सूज उतरवणारं असं औषध हाताशी नसताना एका डॉक्टरने भौतिकशास्त्राचा आधार घेतला, याचं मोल मला मोठं वाटतं. नंतर चांगली औषधं आली आणि हेलियम मागे पडला.

हेलियमचं नाव निघालं की मराठी माणसाला विजयदुर्ग आठवतो. तिथले ‘साहेबाचे कट्टे’, म्हणजे ग्रहण बघण्यासाठी बांधलेले ओटे, दाखवून इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर यांनी १८६८ साली इथूनच हेलियम शोधला, असं सांगतात. ते तसं नाही. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणासाठी फ्रान्सचे खगोलशास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होते आणि इंग्रज लष्करी अधिकारी जॉन हर्शेल पटवर्धनांच्या जमखंडीत. लॉकियर यांनी सूर्याच्या वर्णपटातली, पुढे हेलियमची खूण ठरलेली पिवळी रेषा त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, ग्रहण नसताना, इंग्लंडमधून तपासली. विजयदुर्गाला ते आले ते २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. तोवर रसायनशास्त्रज्ञ विल्यम रॅमसे यांना युरेनियमच्या एका खनिजातून हेलियम पृथ्वीवर सापडून तीन वर्षं होत आली होती. ती मोहीमही अभिमानाने सांगावी अशीच आहे. तिला चुकीच्या सालाची गरज नाही.

खाटेजवळ हा वायू वापरताना मात्र बरीच दक्षता लागते. मास्क चेहऱ्यावर घट्ट बसला पाहिजे; फटीतून खोलीतली हवा शिरली की मिश्रण पुन्हा जड होतं. ऑक्सिजनसाठी आखलेला प्रवाहमापक इथे फसवतो: ८०:२० मिश्रण १० लिटरवर दिसत असेल, तेव्हा खरं तर मिनिटाला सुमारे १८ लिटर जात असतं. औषधाचे बारीक तुषार करणाऱ्या नेब्युलायझरमधून औषध द्यायचं तरी प्रवाह वाढवावा लागतो. तान्ह्या बाळाच्या डोक्यावर पारदर्शक हूड ठेवून हे मिश्रण सोडलं, तर हेलियम वर जमतो आणि नाकापाशी कमीच पोचतो. त्यात हेलियम हवेच्या सुमारे सहापट वेगाने उष्णता वाहून नेतो, म्हणजे बाळ गार पडण्याची भीती असते.

मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत. न्यूमोनियात फुप्फुसाचे कप्पेच भरले असतील आणि रुग्णाला ६० किंवा ८० टक्के ऑक्सिजन लागत असेल, तर हेलियमला जागा कुठे उरली? ऑक्सिजन ४० टक्क्यांच्या पुढे न्यावा लागला की हलकेपणाचा फायदा फारसा राहत नाही. दम्यातही निकाल संमिश्र आहेत, आणि त्याचं एक कारण समजण्यासारखं आहे. दम्यात अडथळा बराचसा खोलवरच्या बारीक नलिकांत असतो. तिथे हवा मुळातच संथ वाहते आणि संथ प्रवाहाला घनतेचं सोयरसुतक नसतं. क्रूपमध्ये थोडा वेळ आराम पडतो असं अभ्यासांत दिसलं आहे, पण ते अभ्यास लहान आहेत. म्हणून क्रूपचा मुख्य उपचार आजही डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड, आणि त्रास जास्त असेल तर नेब्युलायझरमधून अ‍ॅड्रेनॅलिन. हेलिऑक्स महाग आहे आणि सगळीकडे मिळतही नाही. जिथे ते नाही तिथे ही औषधं वेळेवर देणं जास्त महत्त्वाचं.

एक गोष्ट घरच्यांसाठी. फुग्यातला हेलियम गंमत म्हणून कधीही ओढू नका आणि मुलांना ओढू देऊ नका. त्यात ऑक्सिजन नसतो. एक-दोन खोल श्वासांतही माणूस बेशुद्ध पडू शकतो, आणि यात जीव गेलेले आहेत. रुग्णालयातल्या मिश्रणात किमान हवेइतका ऑक्सिजन असेल याची खात्री करूनच ते दिलं जातं.

हेलिऑक्स सुजेला हात लावत नाही. स्टेरॉइड काम करायला लागेपर्यंतचे काही तास बाळाचे स्नायू थकून हार मानू नयेत, एवढंच त्याचं काम. उपयोग होणार असेल तर काही मिनिटांतच दिसतो: बरगड्या कमी ओढल्या जातात, घशातला कर्कश आवाज मऊ होतो, आईच्या मांडीवरचं मूल जरा सैलावतं. दिसला नाही, तर वाट बघत न बसता घशात नळी घालायची तयारी करावी लागते. आणि आराम पडला तरी मास्क एकदम काढायचा नसतो. सूज अजून आतच असते. खोलीतली हवा आत शिरली की तेच ओझं पुन्हा त्या छोट्या छातीवर येतं.