न्यूग्रेंजच्या गाभ्यात ऊन दारातून येत नाही

आयर्लंडमधल्या न्यूग्रेंज या प्राचीन थडग्याबद्दल वर्षानुवर्षं सांगितलं जातं की, २१ डिसेंबरला, म्हणजे वर्षातल्या सर्वांत लहान दिवशी आणि फक्त त्याच दिवशी, सूर्यकिरण दारातून थेट गाभ्यात शिरतात. यात दोन चुका आहेत.

सुमारे ५,२०० वर्षांपूर्वीच्या या दगडमातीच्या टेकाडात १९ मीटर लांबीचा अरुंद दगडी बोळ आहे. त्याची जमीन आत जाताना जवळजवळ २ मीटर चढते, त्यामुळे दारातून आलेलं ऊन अर्ध्या वाटेतच अडतं. आतल्या दालनात पोचते ती दारावरच्या झरोक्यातून येणारी तिरीप. सकाळी नऊच्या सुमारास ती बोटभर पट्ट्यासारखी जमिनीवर सरकत येते, रुंदावते आणि साधारण १७ मिनिटांनी मावळते. बांधणाऱ्यांचं खरं कसब या चढात आणि झरोक्यात आहे!

हे २१ तारखेच्या आगेमागे काही दिवस घडतं, अर्थात आभाळ मोकळं असेल तरच. त्या सकाळी दालनात थांबून हे पाहण्याच्या जागा सोडतीनं मिळतात. मात्र एरवीच्या फेरीतही गाइड आतले दिवे मालवून कृत्रिम प्रकाशानं ती तिरीप दाखवतो, त्यामुळे डिसेंबरसाठी अडून बसू नका. फेरी अभ्यागत केंद्रावरून बसनं निघते. परस्पर टेकाडापाशी गेल्यास आत सोडत नाहीत.