रिस्टोअर चाललं म्हणजे सदस्यत्व चालू आहे?

आयफोन अ‍ॅप बनवणाऱ्यांमध्ये एक समज पक्का आहे: अ‍ॅप काढा, पुन्हा टाका, ‘रिस्टोअर’ (आधीची खरेदी परत मिळवण्याचं बटण) दाबा, प्रीमियम उघडलं की चाचणी झाली. हे पुरेसं नाही.

जुन्या स्टोअरकिटमधलं (अ‍ॅपमधल्या खरेदीसाठी अ‍ॅपलने दिलेल्या साधनातलं) रिस्टोअर मुदत संपलेल्या सदस्यत्वाचे व्यवहारही परत आणतं. व्यवहार आला म्हणून कुलूप उघडणारं अ‍ॅप पैसे न भरणाऱ्यालाही आत घेतं. समाप्तीची तारीख तपासायलाच हवी. दुसरा चकवा कीचेनचा, म्हणजे पासवर्डसारखी गुपितं जपणाऱ्या आयफोनमधल्या कप्प्याचा. अ‍ॅप काढलं तरी तिथली नोंद सहसा टिकते. ‘प्रीमियम’ची खूण तिथे ठेवली असेल, तर तुम्ही रिस्टोअर तपासलंच नाही, जुनी खूणच वाचली.

खरी कसोटी मुदत संपल्यावर लागते, आणि त्यासाठी महिनाभर थांबावं लागत नाही. अ‍ॅपलच्या सँडबॉक्समध्ये, म्हणजे खरे पैसे न लागणाऱ्या चाचणीच्या जागेत, मासिक सदस्यत्व मूळ सेटिंगनुसार दर 5 मिनिटांनी नूतनीकृत होतं आणि 12 नूतनीकरणांनंतर थांबतं. साधारण सव्वा तासाने रिस्टोअर दाबा. आता प्रीमियम उघडता कामा नये. मग कधीच खरेदी न केलेल्या खात्यानेही दाबून पाहा. तिथे ‘खरेदी सापडली नाही’ असं स्पष्ट सांगा. नुसतं फिरणारं चक्र पाहत बसलेल्या माणसाला आपले पैसे बुडाले असंच वाटतं.